पहाऱ्यापासून पाचशे यार्डांवर

गेले तीन वीकएंड एकाच पुस्तकात गेले. खरं तर पुस्तक पहिल्याच वीकएंडला वाचून झालं होतं, पुढचे दोन त्याच्याशी भांडण्यात गेले. बायकोने विचारलं, "आवडलं का?" मी "हो" म्हणालो आणि लगेच "नाही" म्हणालो. ती म्हणाली, "मग लिहून काढ एकदाचं, म्हणजे आम्ही सुटू." तर हे लिहून काढतोय.

पुस्तकाचं नाव ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. लेखक फिलिप मेडोज टेलर. ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये तीन खंडांत छापली गेली. शाळेच्या इतिहासात आपण ‘ठगांचा बंदोबस्त’ असं एक वाक्य पाठ करतो (मार्क एक, फार तर दोन), त्या ठगांवरची ही कादंबरी. इंडियाना जोन्सच्या १९८४च्या सिनेमात अमरीश पुरी जिवंत माणसाचं काळीज काढतो ना, त्या सगळ्या प्रकाराचे खापरपणजोबा म्हणजे हे पुस्तक.

आमच्या पिढीला भयकथा म्हटलं की नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आठवतात. मी दहावीच्या सुट्टीत धारप वाचून रात्री परसात जायचं बंद केलं होतं. पण धारपांची भीती बहुतेक वेळा बाहेरून येते. कुठलीतरी जुनी वास्तू असते, तिथे काहीतरी अमानवी जागं होतं आणि नशीब चांगलं असेल तर समर्थ वेळेवर पोचतात. टेलरच्या पुस्तकात बाहेरून काहीच येत नाही. वाटेत एक गोड बोलणारा माणूस भेटतो. म्हणतो, रस्ता धोक्याचा आहे, एकत्र जाऊ. चार दिवस तुमच्याबरोबर जेवतो, गाणी म्हणतो, तुमच्या पोराला खेळवतो. पाचव्या दिवशी कोणीतरी "तमाखू आणा रे" असं काहीसं साधंच म्हणतं आणि गळ्याभोवती रुमाल पडतो.

हे सगळं वाचून मी "बाप रे, भारी आहे" म्हणून मोकळा झालो असतो. घोळ झाला तो प्रस्तावनेमुळे.

मी प्रस्तावना सहसा शेवटी वाचतो. तशीच हीसुद्धा शेवटी उघडली आणि तिसऱ्या-चौथ्या पानावर चहाचा कप खाली ठेवला. तिथे हिंगोलीचं नाव होतं. जुन्या इंग्रजी पद्धतीने, शेवटी दोन ‘ई’ लावून लिहिलेलं, पण हिंगोलीच.

माझं आजोळ हिंगोली. उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. पुण्यात "हिंगोली" म्हटलं की लोक "म्हणजे नेमकं कुठे?" विचारतात आणि मी "नांदेडच्या अलीकडे, औंढा नागनाथजवळ" असं सांगतो. १ मे १९९९ला परभणीतून वेगळा जिल्हा झाला तरी परिस्थिती फारशी बदललेली नाही. असं हे गाव राणी व्हिक्टोरियाने वाचलेल्या पुस्तकात! (टेलरने आत्मचरित्रात लिहिलंय की पुस्तक छापलं जात असताना राणीने सुधारलेली पानं तयार होतील तशी मागवून घेतली होती. म्हणजे त्या काळचं बिंज वॉचिंगच.)

हिंगोली तिथे कशी आली, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागेल. तेव्हा हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. निजामाच्या पैशावर पोसलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेली एक फौज होती. तिला पुढे हैदराबाद कन्टिन्जंट म्हणत. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर अशा तिच्या छावण्या होत्या आणि त्यातली एक हिंगोली. १९०३ साली ती व्यवस्था मोडली, फौज गेली, नावं मात्र मागे राहिली. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. लहानपणी मी रिसाल्यातून तोफखान्यात पतंगांमागे पळालोय, पण इथे कधी खरी तोफ असेल असं डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं, गल्ल्यांना अशीच नावं असतात.

टेलर या फौजेत अधिकारी होता. जन्म १८०८चा, लिव्हरपूलचा. पंधरा वर्षांचा असताना मुंबईला एका व्यापारी पेढीत नोकरीसाठी आला. पेढीची अवस्था बिकट निघाली, तेव्हा ओळखीने निजामाच्या फौजेत चिकटला. (कॅम्पसमधून जॉइन झालो आणि कंपनीच डबघाईला, अशी केस तेव्हाही होती तर!) पुढची पस्तीसेक वर्षं तो दख्खनमध्येच राहिला. शोरापूर, नळदुर्ग, नंतर वऱ्हाड असा कारभार केला. त्याची बायको हैदराबादच्या विल्यम पामर सावकाराची मुलगी आणि पामरची आई दिल्लीची बेगम. म्हणजे हा दोन महिने फिरून ‘माझा भारत’ लिहिणारा साहेब नव्हता. इथली धूळ नाकातोंडात गेलेला माणूस होता.

आता त्याची हिंगोलीची हकिकत माझ्या शब्दांत सांगतो.

छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. सगळ्यांशी त्याचे व्यवहार. टेलर स्वतः कबूल करतो की आपणही त्याच्याशी व्यवहार केले होते. या हरिसिंगने एकदा तिथला मुलकी कारभार बघणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला, की मुंबईहून कापड आणायचंय, परवाना द्यावा. परवाना मिळाला. प्रत्यक्षात ते कापड होतं हिंगोलीजवळच्याच एका गावातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याचं. तो ते घेऊन मुंबईहून परत येत होता आणि हरिसिंगला हे माहीत होतं. वाटेत हरिसिंगने त्या व्यापाऱ्याला मारलं, त्याच्या नोकरांना मारलं, बैल हाकणाऱ्यांना मारलं आणि साहेबाच्या परवान्यावर तोच माल हिंगोलीत आणून छावणीत उघडपणे विकला. पुढे ठग म्हणून पकडला गेला तेव्हा त्याने स्वतःच हे सांगितलं, आणि तेही एखादी नामी गंमत सांगावी तसं. त्याने सांगितलं नसतं तर कोणाला कधी कळलंही नसतं.

एवढ्यावर थांबत नाही. याच टोळीने छावणीच्या ऐन बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, कितीतरी माणसं मारली. आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. पाचशे यार्ड म्हणजे अर्धा किलोमीटरही नाही. जागा कुठली, तर नदीला मिळणारा एक कोरडा ओढा, चरासारखा अरुंद, बाहेरगावी जाणाऱ्या रस्त्याला लागून. (नदीचं नाव तो लिहीत नाही. हिंगोलीची नदी म्हणजे आपली कयाधू. हिरण्यकशिपूच्या बायकोचं नाव.) माफीचे साक्षीदार झालेले ठग तिथे उभे राहून शांतपणे दाखवत होते, इथे खणा, आता इथे. एकेका खड्ड्यात अनेक प्रेतं. टेलर तिथे हजर होता. आणि मग तो लिहितो की सगळ्यांना शिसारी आली आणि त्यांनी पुढे खणायचं सोडून दिलं.

मला सगळ्या कादंबरीत इतकी भीती कुठे वाटली नाही जितकी या एका गोष्टीची वाटली. खणायचं सोडून दिलं. म्हणजे बाकीचे तिथेच राहिले.

आता कादंबरीकडे येतो, कारण भांडण तिच्याशीच आहे.

कादंबरीचा नायक अमीर अली. मुसलमान घरातला मुलगा, साधारण पाच वर्षांचा असताना त्याचे आईवडील प्रवासात ठगांच्या हाती सापडतात आणि मारले जातात. टोळीचा प्रमुख इस्माईल मुलाला जिवंत ठेवतो आणि स्वतःचा मुलगा म्हणून वाढवतो. पोरगा मोठा होऊन बापापेक्षा वरचढ ठग होतो. हैदराबादच्या चारमिनारपासून पेंढाऱ्यांच्या चितूच्या स्वाऱ्यांपर्यंत सगळीकडे त्याची गोष्ट फिरते. शेवटी पकडला जातो, माफीचा साक्षीदार होतो आणि तुरुंगात बसून एका साहेबाला स्वतःची गोष्ट सांगतो. कादंबरी म्हणजे हे सांगणं. खाली सातशे एकोणीस खून जमा आहेत. हा आकडा टेलरने हवेतून काढलेला नाही. १८३२ साली भेटलेल्या एका खऱ्या ठगाने स्वतःच्या नावावर सांगितलेला आहे, असं तो म्हणतो.

१८३९ साली हा केवढा धाडसी प्रयोग असेल बघा. पोची पहिली डिटेक्टिव्ह कथा अजून दोन वर्षं लांब होती. खुन्याच्या कबुलीजबाबाचा प्रकार इंग्रजीत आधीही होता, पण इथे शेकडो पानं तुम्ही खुन्याच्या बाजूला बसून असता. मध्ये मध्ये साहेब अडवतो, म्हणतो, तुला काहीच वाटलं नाही? आणि अमीर अली मनापासून गोंधळतो. याला काय म्हणायचंय हेच त्याला कळत नाही. तो आपल्या बायकोवर जीव टाकतो, मुलीच्या आठवणीने व्याकूळ होतो, नमाज चुकवत नाही, तुरुंगातही कपडे स्वच्छ ठेवतो. आणि पुढच्या प्रकरणात एका प्रवाशाला पान खाऊ घालता घालता मारतो.

सगळ्यात वाईट म्हणजे तो आवडायला लागतो. एका प्रसंगात पुढचा प्रवासी त्याच्या हातून निसटतो की काय, असं झालं तेव्हा मी चक्क काळजीत पडलो. कोणाच्या? तर अमीर अलीच्या! नंतर पुस्तक मिटवून पाच मिनिटं खिडकीशी उभा राहिलो. वाचणाऱ्याला टोळीत सामील करून घेणं भल्या भल्या लेखकांना जमत नाही, ते तिसाव्या वर्षी टेलरने केलं. या बाबतीत माझं त्याच्याशी काही भांडण नाही. सलाम आहे.

भांडण पुढचं आहे, आणि ते मला हरिसिंगमुळे सुचलं.

कादंबरीतले ठग शकुन बघतात, कुदळीची पूजा करतात, कामगिरीनंतर विधी करून गूळ खातात आणि भवानीच्या नावाने मारतात. एकदा तो गूळ पोटात गेला की माणूस कायमचा ठग झाला, अशी समजूत. आपल्यासारख्या वाचकाला इथे पहिला काटा टोचतो. ज्या भवानीला आमच्या घरी नवरात्रात घट बसतात, कुळधर्म होतात, ती इथे खुन्यांची मालकीण म्हणून उभी आहे. (टेलर अगदीच आंधळा नव्हता. पुढे १८६३ साली त्याने ‘तारा’ लिहिली, त्यात तुळजापूरच्या देवीची भक्तीण हीच नायिका आहे. त्याच्याबद्दल एक मत करून मोकळं होता येत नाही ते यामुळेच.)

पण मला खरी अडचण श्रद्धेची नाही, हिशेबाची वाटते. हरिसिंगच्या गोष्टीत देवी कुठे आहे? शकुन कुठे आहे? तिथे आहे मुंबईचं कापड, एक परवाना आणि एक बाजार. हरिसिंगला मालाची बातमी होती, रस्ता माहीत होता आणि सरकारी कागद कसा काढायचा हे माहीत होतं. त्याच्या गुन्ह्यातलं सर्वात महत्त्वाचं हत्यार रुमाल नव्हता, कॅप्टन रेनॉल्ड्सच्या कचेरीतून मिळालेला परवाना होता. टेलरने हे सगळं प्रस्तावनेत प्रामाणिकपणे लिहिलं. आणि मग कादंबरीत शिरताना तो या माणसाला बाहेर ठेवून आला. आत घेतला तो विधी, शकुन आणि नियतीवाला अमीर अली. लंडनच्या वाचकाला भीती वाटायला तोच बरा होता. बाजारात उधारी-नगदी करणारा हरिसिंग फार ओळखीचा वाटला असता.

थोडं कल्पना करून बघा. तुम्ही छावणीतले अधिकारी आहात. तुमच्या पहाऱ्यापासून शंभर यार्डांवर माणसं मारली जातायत, तुम्ही खुन्याकडून सामान विकत घेताय, तुमच्याच कचेरीच्या कागदावर लुटीचा माल येतोय. हे उघड झाल्यावर दोनच गोष्टी म्हणता येतात. एक, आमचं लक्ष नव्हतं. दोन, हा हजारो वर्षांचा, देशभर पसरलेला, देवीच्या आज्ञेने चालणारा गुप्त पंथ आहे, तो कोणाला कळणार? दुसरं उत्तर नक्कीच सोयीचं आहे. (आमच्याकडे प्रॉडक्शनला सिस्टिम पडली की ‘आम्ही टेस्ट केलं नव्हतं’ असं कोणी लिहीत नाही. ‘अत्यंत दुर्मीळ आणि गुंतागुंतीची परिस्थिती’ असं लिहितात. मीही लिहिलंय.)

याचा अर्थ ठग नव्हतेच असा मी काढत नाही. काही अभ्यासकांनी ठग हे जवळपास सगळंच इंग्रजांच्या डोक्यातून निघालं, अशी बाजू मांडली. दुसऱ्या टोकाला स्लीमनचे कौतुककार, त्यांच्यात त्याच्या नातवाने तर पुस्तकाच्या नावातच दहा लाख खून घातले. किम वॅग्नर या इतिहासकाराचं २००७चं पुस्तक मला पटलं. तो साधारण असं म्हणतो की वाटमाऱ्यांच्या टोळ्या खऱ्या होत्या, त्यांना गावोगावच्या जमीनदारांचा आसरा होता, त्यामागे पोटाची आणि सत्तेची गणितं होती. एकसंध धर्मपंथ मात्र चौकशीच्या कागदांमधून उभा राहिला. हिंगोलीच्या ओढ्यातली प्रेतं कोणाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती टेलरने डोळ्यांनी पाहिली.

प्रश्न चौकशीच्या कागदांचा आहे. विल्यम स्लीमनने ठगांविरुद्ध जी मोहीम चालवली तिचा कणा माफीचे साक्षीदार हा होता. पकडलेल्या ठगाने इतरांची नावं, जागा, खड्डे सांगायचे, त्या बदल्यात फाशी टळायची. टेलरनेच प्रस्तावनेत १८३१ ते १८३७चा तक्ता दिलाय. हद्दपार १०५९, फाशी ४१२ आणि माफीचे साक्षीदार ४८३. फासावर गेलेल्यांपेक्षा साक्षीदार जास्त! आता मी धंद्याने लॉग वाचणारा माणूस आहे. ज्या लॉगच्या प्रत्येक ओळीवर लिहिणाऱ्याचाच जीव टांगलेला आहे, त्यावर किती विश्वास ठेवायचा? तो खोटंच सांगेल असं नाही. खड्डे तर खरे निघाले. पण ऐकणाऱ्याला काय हवंय हे त्याला दुसऱ्या दिवशी कळणार आणि तिसऱ्या दिवसापासून तो तेच जास्त सांगणार. शकुन हवेत? घ्या शकुन. देवी हवी? घ्या देवी.

अमीर अलीची गोष्ट इतकी रंगते त्याचं कारणही हेच असावं, असं मला दुसऱ्या वाचनात वाटलं. तो जिवाच्या बदल्यात गोष्ट सांगतोय. अरबी कथांमधली शहरजाद आठवा, फक्त बादशहाच्या जागी कंपनी सरकार.

आणि कंपनी सरकारने हे सगळं नुसतं ऐकून घेतलं नाही, त्याचा कायदा केला. १८३६चा तिसावा कायदा. एखादा माणूस कधीही, कायदा होण्याआधी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा बाहेर, ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. त्याने स्वतः कोणाला मारलं हे दाखवायची गरज नाही. टोळीत असणं हाच गुन्हा. एकदा हे मान्य झालं की पुढची पायरी सोपी होती. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्यात टोळीच्या जागी अख्खी जमात आली. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. जन्माला आलं तेच गुन्हेगार म्हणून. हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. त्या दिवसाला आजही विमुक्त दिन म्हणतात, पण पारधी वस्तीतल्या कुठल्याही पोराला विचारा, चोरी झाली की पोलीस आधी कुठे जातात.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचलं होतं. लातूरकडचं, म्हणजे मराठवाड्यातलंच. १९८७ साली आलं, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळाली. तेही ‘मी’ने सांगितलेलं, तेही चोरीचं, पोलिसांचं, टोळीचं. पण ऐकणारा बदलला होता. गायकवाड जिवाच्या बदल्यात सांगत नव्हते, समोर साहेब बसलेला नव्हता. आता मला वाटतं ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला हवीत. अमीर अलीच्या कबुलीने दीडशे वर्षं जो समज पक्का केला, त्याच्या खाली सापडलेल्या माणसाने लिहिलेलं उत्तर म्हणजे ‘उचल्या’. (गायकवाडांच्या मनात टेलर असेल असं मुळीच नाही. हा माझाच जोड आहे.)

आणखी एक कबुली आठवली, ती तर हिंगोली जिल्ह्यातलीच. नरसी हे परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका आहे की आधी ते वाटमारी करत. एकदा औंढ्याच्या देवळात एक बाई भुकेल्या मुलाला रागावत होती. तिचा नवरा दरोडेखोरांनी मारलेला होता. तिचं बोलणं ऐकून त्यांना कळलं की तो आपल्याच हातून गेलाय, आणि माणूस आतून बदलला. बहुतेक अभ्यासक ही गोष्ट खरी मानत नाहीत, ज्या अभंगावर ती उभी आहे तो नामदेवांचा नाहीच म्हणतात. आजीने मात्र ती आम्हाला औंढ्याच्या देवळाच्या पायऱ्यांवरच सांगितली होती. आणि खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला एक गोष्ट नक्की माहीत होती. वाटमाऱ्या बदलतो तो मेलेल्याच्या बायकोचं ऐकून. अमीर अलीला अखेर काय कळतं? आपण मारलेल्या एका स्त्रीच्या बाबतीत, फार उशिरा, की ती आपली सख्खी बहीण होती. तेव्हा तो मोडतो. पण उरलेल्या सातशे अठरांच्या बहिणी-बायकांचा आवाज त्या तीन खंडांत कुठेच नाही. साहेबाला तो ऐकायचा नव्हता, त्यामुळे आपल्यालाही ऐकू येत नाही.

गेल्या दसऱ्याला हिंगोलीला गेलो होतो. तिथला दसरा मोठा असतो, रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, रावण जळतो. सदर बाजारात मामाचं कापडाचं दुकान आहे, आजोबांनी काढलेलं. या वीकएंडला त्याला फोन करून हरिसिंगची गोष्ट सांगितली. मला वाटलं दचकेल. तो शांतपणे म्हणाला, "अरे, माल कुठून आला हे कोण इचारतंय? पावती असली की झालं."

मी म्हटलं, "मामा, माणसं मारलेली होती."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्या मालवाल्याचं नाव काय होतं रे? इथलंच जवळचं गाव म्हणतोस. वसमतचा होता का कळमनुरीचा?"

मी पुन्हा प्रस्तावना उघडली. हरिसिंगचं नाव आहे. कॅप्टन रेनॉल्ड्सचं आहे. टेलरचं तर मुखपृष्ठावरच आहे. तो व्यापारी फक्त ‘हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी’. गाव नाही, नाव नाही. नोकर आणि बैलवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. मामाला तसं सांगितलं. त्याने एकदा "हं" म्हटलं आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.

तर, आवडलं का पुस्तक? हो. इतकं की पहाटे तीनपर्यंत जागलो. पुन्हा वाचेन का? वाचेन, फक्त या वेळी प्रस्तावना आधी. आणि नाही म्हणालो ते या एका गोष्टीसाठी. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ आपण सगळे अमीर अलीच्या तोंडून ऐकत बसलोय. ज्याच्या गाड्यातलं कापड हिंगोलीच्या छावणीत विकलं गेलं त्याचं नाव विचारायला कापडाच्या दुकानातला एक माणूस लागला.

असो. सोमवारचा रिलीज डोक्यावर आहे. भेटू पुढच्या वीकएंडला.